कासवाचे डोळे सुजून बंद झालेत, आठ दिवस काही खात नाही. काय करू?

डिचोलीची आई

नमस्कार. आम्ही डिचोलीला राहतो. घरात एक पाणकासव आहे, नाव काजू. तीन वर्षांपूर्वी मुलाच्या वाढदिवसाला आणलं तेव्हा खरंच काजूच्या बीपेक्षा थोडंसंच मोठं होतं. दुकानात सांगितलं होतं की हे एवढंच राहतं, वाढत नाही, पाकिटातले सुके झिंगे घाला म्हणजे झालं. आता पाठ माझ्या तळहाताएवढी झालीय. डोळ्यांच्या मागे दोन्ही बाजूंना लाल पट्टा आहे. मुलगा पहिल्यापासून तिला 'ती' म्हणतो, म्हणून आम्हीही तसंच म्हणतो.

आठ दिवसांपूर्वी तिचे डोळे सुजायला लागले. आधी उजवा, मग दोन दिवसांनी डावा. आता दोन्ही पापण्या फुगून बंद आहेत, आत मटार ठेवल्यासारख्या. खायला टाकलेलं तोंडासमोरून वाहून जातं, तिला पत्ताच नाही. मान आत घेऊन टबाच्या कोपऱ्यात बसून राहते. पाठीच्या कडा दाबल्या तर किंचित वाकतात, हे काल मुलाने दाखवलं. आधी तशा होत्या का, मला आठवत नाही.

प्लॅस्टिकच्या मोठ्या टबात ठेवतो, मागच्या व्हरांड्यात. पाऊस सुरू झाल्यापासून तिथे ऊन असं नाहीच. खायला सुके झिंगे, कधी भाताची शितं, कधी पाव. शेजारच्यांनी सांगितल्यावर माणसांचे डोळ्यांचे थेंब चार दिवस घातले. फरक नाही.

सासूबाई म्हणतात, मुका जीव डोळ्यांदेखत मरण्यापेक्षा मयेच्या तळ्यात सोडून ये, तिथे तरी जगेल. त्यांच्या मनात दयाच आहे. पण मुलगा चौथीत आहे, रात्री दोनदा उठून टबाजवळ जाऊन बघतो. कोणी अनुभवी असेल तर कृपया सांगा.

म्हापसेकर

माझ्या भावाच्या कासवाला असंच झालं होतं. थेंब आठवडाभर घातले आणि रोज पाणी बदललं, डोळे उघडले. थेंब बंद करू नका.

कुर्टीची ताई

म्हापसेकर बाब, तुमच्या भावाच्या कासवाला पाण्यातल्या घाणीने साधा संसर्ग झाला असेल, त्याला थेंब लागू पडले. इथलं वर्णन वाचून मला तसं वाटत नाही. दोन्ही डोळे, तीन वर्षं फक्त सुके झिंगे, ऊन नाही, कडा मऊ. हे डोळ्यांचं दुखणं नाही गे बाय, पोटाचं आणि उन्हाचं आहे. मी अगदी हेच बघितलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्याकडे २०१४ साली अशीच लाल पट्ट्यांची एक होती. पावसाळ्यात डोळे सुजले. मी पंधरा दिवस थेंब घालत बसले. मग एका दवाखान्यात नेलं, तिथे वजन न करताच जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं. वजन करा म्हणायला मलाही तेव्हा सुचलं नाही. आठवड्याने तिच्या मानेची आणि पायांची कातडी उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी सुटायला लागली, खाली लालभडक मांस. अ जीवनसत्त्व एकदम जास्त झालं की असं होतं, हे मला ती गेल्यावर कळलं. नंतर दोन पाळल्या, दोन्ही आज धडधाकट आहेत.

अ जीवनसत्त्व कमी पडलं की कासवाच्या डोळ्यांमागच्या ग्रंथींचं आतलं अस्तर जाड आणि कोरडं होतं, नळ्या तुंबतात, पापण्या फुगतात. आत पू झाला तर तो आपल्यासारखा पातळ नसतो. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू घट्ट असतो, दह्याच्या कवडीसारखा. थेंबांनी तो वाहून जात नाही. तो काढायचा तर हाताला सवय असलेल्या डॉक्टरांनीच. तुम्ही घरी कापसाने, काडीने काही करू नका. हेच कोरडं अस्तर कानात आणि श्वासनलिकेतही होतं, म्हणून अशा कासवांना कानामागे गाठ येते, नाहीतर छाती भरते. तेव्हा आजच दोन गोष्टी बघा. नाकातून फुगे येतात का? पोहताना एका बाजूला कलते का? यातलं काही असेल किंवा तोंड उघडून श्वास घेत असेल, तर वाट बघू नका, आजच्या आज डॉक्टर गाठा.

आता घरी काय करायचं ते. टबातलं पाणी कमी करा, पाठ जेमतेम बुडेल एवढंच. दिसत नसलेल्या, दमलेल्या कासवाला न पोहता नाक वर काढता आलं पाहिजे. चढून पूर्ण कोरडं बसता येईल असा सपाट दगड किंवा कौल ठेवा. टब व्हरांड्यातून घरात घ्या. कासवाचं अंग पाण्याएवढंच गरम असतं, पाणी गार असेल तर अन्न पचत नाही आणि दिलेलं औषधही नीट काम करत नाही. आजारी कासवाला पाणी २७-२८ अंश हवं. हाताने अंदाज घेऊ नका, माशांच्या टाकीचा थर्मामीटर स्वस्तात मिळतो. हीटर घेतलात तर जाळीचं आवरण असलेला घ्या, नाहीतर ती त्याला टेकून भाजून घेईल, आणि पाणी बदलताना आधी बटण बंद.

खाणं. झिंगे बंद, पाव तर कायमचा बंद. हे कासव पाण्याखालीच गिळतं, म्हणून जमिनीवर भरवायला जाऊ नका, तोंड जबरदस्तीने उघडू नका. दिसत नाही पण वास येतो तिला. जिवंत गांडूळ चिमट्यात धरून ओठांना हलकेच लावा. परसातलं खत-औषध न मारलेल्या जागेचं हवं. आमच्या घरी पहिला घास गांडुळानेच गेला होता. डोळे उघडेपर्यंत कोंबडीच्या काळजाचा (यकृताचा) नखाएवढा तुकडा आठवड्यातून एकदाच, त्यात अ जीवनसत्त्व भरपूर असतं म्हणूनच जास्त नको. मग हळूहळू लाल भोपळा (आपण दुदी म्हणतो तो) किसून, गाजर, शेवग्याचा कोवळा पाला. तांबडी भाजी चालते पण रोज नको, ती कॅल्शियम अडवते. तयार दाणे घ्यायचेच तर कासवांसाठी बनवलेले घ्या.

कडा वाकतात ते कॅल्शियम आणि ऊन दोन्ही नसल्यामुळे. उन्हातल्या अतिनील किरणांनी अंगात ड जीवनसत्त्व बनतं, ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम हाडात जातच नाही. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही, काच ते किरण अडवते. पावसाळ्यात तुम्हाला हे किरण देणारी यूव्हीबीची ट्यूब लागेल, साधा पिवळा बल्ब नव्हे. बसायच्या दगडापासून वीतभर किंवा थोडी वर, मध्ये काच नको, प्लॅस्टिक नको. वर्षभराने बदलायची, कारण उजेड दिसत राहतो पण किरण संपलेले असतात. उघडीप मिळाली तर सकाळचं ऊन अर्धा तास, अर्धा टब सावलीत ठेवून, आणि तुम्ही तिथेच बसून. काचेच्या टाकीत उन्हात ठेवलं तर ती अक्षरशः शिजेल.

कॅल्शियमसाठी दुकानात जायलाही नको. समुद्रावर माणक्यांची ती पांढरी होडीसारखी हाडं पडलेली असतात ना, समुद्रफेन म्हणतात ती. एक आणा, चार-पाच दिवस रोज पाणी बदलत भिजवून खारटपणा काढा, पाठीचा टणक पापुद्रा सुरीने सोलून टाका आणि मऊ भाग पाण्यात तरंगत ठेवा. बरी झाली की आपणहून कुरतडेल.

डॉक्टरांकडे न्यायचंच आहे, पण आधी फोनवर विचारा की कासव बघता का. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून आकडा लिहून न्या आणि इंजेक्शन द्यायच्या आधी तो सांगा. आयव्हरमेक्टिन हे जंतांचं औषध गुरांना, कुत्र्यांना सर्रास देतात. कासवाला ते मारक आहे. हा शब्द कागदावर लिहून न्या.

आणि पाण्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे, मुलाने तर आठवणीने. धडधाकट कासवाच्या अंगावरही साल्मोनेला हा जुलाब-तापाचा जंतू असतो. अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आहे, ती याच कारणाने. टब मोरीत धुवा, जेवणाच्या भांड्यांच्या सिंकमध्ये नको.

मयेकर

डॉक्टरकीचं ताईंनी सांगितलं, मी तळ्याचं सांगतो. मी मयेचाच, त्या तळ्याच्या काठावर वाढलो. तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की तिथे ती जगणार नाही. डोळे बंद असलेलं कासव आठ दिवस काढायचं नाही.

आणि समजा जगली, तर ते आणखी वाईट. लाल पट्ट्याचं हे कासव मूळचं अमेरिकेतलं, मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. जगातल्या सर्वांत घातक शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे, युरोपात १९९७ पासून त्याची आयात बंद आहे. आपल्या गोव्यातल्या तळ्यांत, शेतांतल्या पाण्यात आपली कासवं आहेत. एक काळपट पाठीचं, दुसरं मऊ पाठीचं, जे पाय आत घेतले की खालून झडपा लावून घेतं. ऊन खायला मोजकेच दगड आणि ओंडके असतात. तिथे हे दांडगं येऊन बसलं की आपली कासवं पाण्यातच राहतात आणि त्यांना पुरेसं ऊन मिळत नाही. घरातला रोग पाण्यात जातो तो वेगळाच. देवळाच्या तळीतही सोडू नका, पुण्य म्हणून लोक सोडतात.

एक खात्री करून घ्या, पट्टा लालच आहे ना? आपली ही दोन कासवं आणि पाठीवर चांदण्या असलेलं स्टार कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, ती घरात ठेवणं गुन्हा आहे. तसं असेल तर वनखात्याला कळवा.

डिचोलीची आई

पट्टा लालच आहे, दादा. सासूबाईंना तुमचं लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं. ऊन खायच्या दगडाचं ऐकून त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, मग इथेच बरी करू.

ताई, वजन २१४ ग्रॅम. नाकातून फुगे नाहीत, कलत नाही. टब बाहेरच्या खोलीत घेतला. फोंड्याला एक डॉक्टर कासवं बघतात असं तिसऱ्या फोनवर कळलं, परवाची वेळ मिळालीय. यूव्हीबीची ट्यूब मागवली. गांडुळाला तोंड लावलं नाही अजून. रात्री वीज जाते, तेव्हा हीटरचं काय करू?

कुर्टीची ताई

तास-दोन तास वीज गेली तर घाबरू नका. टबाला जाडजूड टॉवेल गुंडाळा आणि वरून अर्धं झाका, पाणी लगेच गार होत नाही. जास्त वेळ गेली तर बाटलीत गरम पाणी भरून, घट्ट बूच लावून टबात तरंगत ठेवा. गरम पाणी थेट ओतू नका.

दिवसातून दोनदा वीस मिनिटं कोमट उथळ पाण्यात बसवा, वेगळ्या भांड्यात. कासव बसल्या जागी थोडं पाणी पितं आणि घाणही तिथेच करतं, टब स्वच्छ राहतो. गांडूळ रोज एकदाच लावून बघा, पुन्हा पुन्हा त्रास नको. आजारी कासवं हळू मरतात आणि हळूच बरी होतात. महिना धरून चाला.

डॉक्टर काय म्हणाले ते नक्की लिहा, मी वाट बघते.

डिचोलीची आई

डॉक्टरांनी आधी वजन केलं, माझा कागद वाचला आणि म्हणाले, बरं केलं लिहून आणलं. उजव्या पापणीखालून खरंच पांढरी घट्ट गुठळी निघाली, तांदळाच्या दाण्याएवढी. मुलगा शेजारी उभा राहून बघत होता, एकदाही डोळे मिटले नाहीत त्याने. डावा डोळा आपोआप सुटेल म्हणाले. अ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं नाही, तोंडावाटे थोडं थोडं द्यायचं ठरलं. कॅल्शियमचं औषध आणि डोळ्यांचं मलम दिलं. एक्स-रेत पाठीचं हाड फिकट दिसतं म्हणाले, पण वाकडं झालेलं नाही.

अकराव्या दिवशी तिने गांडूळ ओढून घेतलं. मुलाने एवढ्या जोरात हाक मारली की सासूबाई देवघरातून उठून आल्या.

डिचोलीची आई (चतुर्थीनंतर)

उशिरा लिहितेय, घरात गणपती होते. काजूचे दोन्ही डोळे उघडे आहेत. डाव्या पापणीला अजून थोडी सूज दिसते, पण माणूस जवळ आला की दगडावरून धप्पकन पाण्यात उडी. आज वजन २२९. कडा अजून पूर्ण टणक नाहीत, डॉक्टर म्हणाले चार-सहा महिने लागतील. ऊन पडायला लागलंय, सासूबाई सकाळी पोथी घेऊन टबाजवळ बसतात. मुलगा म्हणाला होता की ही थाळीएवढी होते आणि वीस-तीस वर्षं जगते, म्हणून मागच्या अंगणात सिमेंटची टाकी बांधायचं ठरवलंय. मयेकर दादा, ती निसटू नये म्हणून कठडा किती उंच ठेवू, आणि वर जाळी लागेल ना?

ताई, विसर्जन झाल्यावर माटोळीचा, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळभाज्यांतला, दुदी कापला. पहिली फोड किसून तिला घातली, नारिंगी कीस तोंडाला लागलेला घेऊनच वर आली.