मदत हवी आहे: जॉन म्यूरच्या वादळाचं अभिवाचन, संगीत कुठे ठेवावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही बे एरियातली मंडळी इथल्या दिवाळी कार्यक्रमासाठी अभिवाचन बसवतोय. दरवर्षी विनोदी लेख होतात, म्हणून यंदा कॅलिफोर्नियाचंच काहीतरी घेतलं: निसर्गलेखक जॉन म्यूरच्या १८९४ सालच्या पुस्तकातलं वादळाचं प्रकरण. अनुवाद आणि संगीत आमचंच. म्यूर १९१४ मध्ये गेला, तेव्हा हक्कांची भानगड नाही.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी: डिसेंबर १८७४, सिएरा नेवाडातलं यूबा नदीचं खोरं. दर दोन-तीन मिनिटांनी कुठेतरी झाड कोसळतंय. आणि हे ३६ वर्षांचे गृहस्थ चांगलं शंभरेक फुटी डग्लस स्प्रूस निवडून शेंड्यावर चढतात आणि तासन्‌तास झुलत बसतात. कशासाठी, तर झाडाच्या सुयांसारख्या पानांचं संगीत जवळून ऐकायला!

अडचण इथेच आहे. उघड्या फांद्या-खोडांचा धबधब्यासारखा खर्ज, पाइनच्या सुयांची शीळ, पानावर पान आपटून होणारी धातूसारखी टकटक, सगळं त्याने लिहूनच ठेवलंय. आमच्याकडे चेलो, बासरी, तबला. 'खर्ज' आला की चेलो, 'शीळ' आली की बासरी, असं करून पाहिलं तर थेट बालनाट्य झालं. सगळं काढून नुसता तानपुरा ठेवला तर ऐकणारे पेंगतात. शिवाय बासरी सुरू झाली की वाचणाऱ्या ताईंचे शब्द ऐकूच येत नाहीत. काय करावं?

खर्जवाला: जिथे तो आवाजाचं वर्णन करतो तिथे वाद्यं पूर्ण बंद. ते काम शब्द करताहेत. संगीत द्या ते हालचालीला: चढणं, झुलणं. शेंडा २० ते ३० अंशांत डोलत होता ना? मग चेलोवर दोनच स्वरांचा संथ झोका, लय वाचणाऱ्याच्या श्वासाची. कीर्तनात बुवा निरूपण करतात तेव्हा पेटी षड्ज धरून असते, तेवढीच सोबत पुरे. तबला मात्र काढाच, ठेका आला की गद्याची कविता व्हायला लागते.

ध्वनीप्रेमी: +१. बासरी मोठी घ्या, मंद्रात वाजवा. मिक्सरवर बासरीचा २ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा थोडा उतरवा, व्यंजनं तिथेच असतात. खऱ्या वाऱ्याचं रेकॉर्डिंग करणार असाल तर माइकला केसाळ टोपी घाला आणि खोडाच्या आडोशाला ठेवा. नाहीतर झाडांऐवजी माइकवर आदळणारा वाराच घुमेल.

धागाकर्ता: दोघांचेही आभार, झोक्याची कल्पना आजच करून बघतो. शेवटाकडे तो सांगतो की एकदा फ्लोरिडात वाऱ्यात समुद्राचा वास आला आणि स्कॉटलंडचं बालपण आठवलं, तिथे एकटी बासरी चालेल का? आणि तबलजी माझे सख्खे मेहुणे आहेत. त्यांना हे कसं सांगायचं, यावरही सल्ला द्या.