शब्दचर्चा: ‘अवैध ऑपरँड’ऐवजी काय लिहावं?

कोरी पाटी: रिस्क-फाइव्ह प्रोसेसरच्या एका असेंब्लरमध्ये (असेंब्ली कोडचं मशीन कोड करणारा प्रोग्राम) सूचना वाचणारा भाग, म्हणजे इन्स्ट्रक्शन पार्सर, प्रत्येक चुकीला ‘अवैध ऑपरँड’ म्हणतो. ऑपरँड म्हणजे सूचना ज्यावर काम करते ती संख्या किंवा रजिस्टर (प्रोसेसरमधली किंमत ठेवायची जागा). आतली फंक्शनं चूक झाली की -१ परत करतात. हे बदलताना ‘त्रुटी’ वापरावं की ‘चूक’? आणि या कामाला ‘पुनर्रचना’ (रिफॅक्टरिंग) म्हणता येईल का?

अर्धविराम: ‘त्रुटी’त उणिवेची छटा आहे. ऑपरँड कमी पडला तर ती शोभते, पण ‘एक्स३२’ ही सरळ चूक. असेंब्लरचंच आतून काही फसलं तर ‘बिघाड’ म्हणा आणि तो वेगळा दाखवा, नाहीतर लिहिणारा स्वतःच्या कोडमध्ये नसलेली चूक शोधत बसतो.

‘अवैध’ मात्र काढाच. काय दुरुस्त करायचं ते त्यातून कळत नाही. ‘एक्स३२’ला ‘असं रजिस्टर नाही, एक्स० ते एक्स३१ चालतात’. ‘ॲडआय एक्स५, एक्स६, ५०००’ (एक्स६मध्ये ५००० मिळवून एक्स५मध्ये ठेवा) व्याकरणाने बरोबर आहे, फक्त ५००० ही संख्या १२ बिटांत बसत नाही. म्हणून ‘मर्यादेबाहेर, -२०४८ ते २०४७ हवी’. आधी चुकांचे प्रकार पाडा, शब्द मागोमाग येतात.

शून्य रजिस्टर: -१ सगळ्यात आधी घालवा. ‘ॲडआय एक्स५, एक्स५, -१’ ही अगदी नेहमीची सूचना, आणि तिथे खरी किंमत नि ‘वाचता आलं नाही’ची खूण एकच होते. फंक्शनने किंमत तरी द्यावी किंवा चूक तरी. चुकीत प्रकार, ओळ, स्तंभ आणि मूळ टोकन (ओळीतला तो शब्द) एवढंच ठेवा. वाक्य छापतानाच, एका जागी जुळवा. पार्सरभर वाक्यं विखुरली की तीच चूक तीन तऱ्हांनी सांगितली जाते.

कोरी पाटी: पहिल्या चुकीपाशी न थांबता सगळ्या गोळा करायच्या असतील तर?

शून्य रजिस्टर: असेंब्लीत ओळ संपली की सूचना संपते, म्हणून ओळीच्या शेवटापर्यंत टोकन सोडून द्या. मात्र त्या ओळीवरचं लेबल (उडी मारायच्या ठिकाणाचं नाव) सूचना वाचण्याआधीच नोंदवा. नाहीतर एका चुकलेल्या ओळीपायी पुढे दहा ठिकाणी ‘लेबल सापडलं नाही’. पत्ताही ४ बाइटांनी पुढे सरकवा. संक्षिप्त (२ बाइटांच्या) सूचना चालू असतील तर लांबी २ की ४ ते ठरवता येत नाही. अशा वेळी पहिल्या, म्हणजे लेबलांचे पत्ते नोंदवायच्या फेरीत चूक असेल तर दुसऱ्या फेरीतल्या ‘उडी फार लांब’ अशा तक्रारी दाबून टाकाव्यात.

अर्धविराम: आता ‘पुनर्रचना’. बाहेरून दिसणारं वर्तन तसंच राहिलं तरच हा शब्द. परतीचा प्रकार बदलून जुने संदेश अक्षरशः तेच ठेवलेत, तर ती पुनर्रचना. चुकलेल्या फायली चालवून आधीचं-नंतरचं आउटपुट ताडून पाहा. -१चा घोळ मिटतो ती ‘दुरुस्ती’, कारण तिथे निकाल बदलतो. चुका गोळा करणं ही नवी सोय. तिन्ही वेगवेगळ्या कमिटमध्ये (बदलांच्या नोंदींमध्ये) टाका.

कोरी पाटी: म्हणजे ताडताना -१ असलेल्या ओळींचाच फरक दिसायला हवा.

अर्धविराम: हो, आणि त्यांच्यामुळे उठलेल्या तक्रारींचा. बाकी कुठे फरक दिसला तर थांबा.