कार्टरला तिसऱ्या नंबरावर घेतलं ते योग्यच झालं

रूदरफर्डकर
(२०२५ चा हंगाम सुरू होण्याआधीची ही चर्चा.) अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये आपल्या न्यूयॉर्क जायंट्सनी ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजचे खेळाडू आळीपाळीने निवडण्यात, तिसऱ्या नंबरावर अब्दुल कार्टरला घेतलं. तो एज रशर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर कडेवरून धावून जाणारा बचावपटू. ड्राफ्टच्या धाग्यावर चौथा_डाऊन यांचा प्रतिसाद असा: 'बर्न्स आहे, थिबोडो आहे, तरी तिसरा पिक पुन्हा एज रशरवर. छप्पर गळतंय आणि यांनी दाराला तिसरं कुलूप आणलं. विल कॅम्पबेल समोर होता.' (कॅम्पबेल म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइनचा, क्वार्टरबॅकला राखणाऱ्या फळीचा खेळाडू.) या प्रतिसादाला भराभर +१ पडले, म्हणून हे सविस्तर उत्तर.

तिसरं कुलूप नाही हे. अब्दुल कार्टर २०२२ आणि २०२३ अशी दोन वर्षं पेन स्टेट विद्यापीठात लाइनबॅकर, म्हणजे पुढच्या फळीच्या मागचा बचावपटू, म्हणून खेळला. कडेला आला तो २०२४ मध्ये, आणि त्या एका हंगामात १२ सॅक काढले (क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडलं की सॅक). म्हणजे त्याला दोन पायांवर उभं राहून मधून घुसताही येतं, मागे सरकून झोनमध्ये उभंही राहता येतं. आता तिसरा डाऊन (१० यार्ड पुढे जायच्या चार प्रयत्नांतला तिसरा), ८ यार्ड बाकी, असं चित्र डोळ्यासमोर आणा. एका कडेला बर्न्स, दुसऱ्या कडेला थिबोडो, सेंटरच्या नाकासमोर डेक्स्टर लॉरेन्स आणि गार्डच्या खांद्यावर कार्टर. (समोरच्या लाइनमध्ये सेंटर मध्यभागी, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि टोकांना टॅकल असतात.) पाच जणांच्या लाइनला दुहेरी मदत एकाच ठिकाणी देता येते. ती लॉरेन्सला दिली, तर कार्टर एकट्या गार्डवर. गार्डला कडेवरच्या माणसाचा वेग सोसत नाही. टाइट एंड (लाइनच्या टोकाशी उभा राहून पासही झेलणारा) आणि रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) दोघांना अडवायला मागे ठेवलं, तर पाससाठी पळणारे तीनच उरतात, आणि तिघांवर सात जण लक्ष ठेवतात.

हे आपणच करून दाखवलंय. ३ फेब्रुवारी २००८ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीला ५ वेळा पाडलं. जस्टिन टक मूळचा एंड, म्हणजे कडेवरचा, त्याला आत गार्डवर सोडला आणि त्याने त्यातले २ काढले. त्यांच्या शेवटच्या ड्राइव्हमधला (चढाईतला) जे आल्फर्डचा सॅकही सरळ मधूनच आला. आणि २०२५ च्या फेब्रुवारीतल्या सुपर बोलमध्ये आपल्याच डिव्हिजनच्या ईगल्सनी एकही ब्लिट्झ (जास्तीची माणसं अंगावर सोडणं) न करता कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक माहोम्सला ६ वेळा झोपवलं. चार चांगले रशर असले की मागे सात माणसं शिल्लक राहतात. हे सूत्र ज्या डिव्हिजनमध्ये आपल्यावरच वापरलं जातं, तिथे असा खेळाडू सोडायचा?

चौथा_डाऊन
तुम्ही तिसऱ्या डाऊनचं चित्र रंगवलंत. तिथपर्यंत पोचणार कसे ते सांगा.

२० ऑक्टोबर २०२४, आपलंच मैदान, ईगल्सकडून २८-३. त्यांचा रनिंग बॅक सेक्वॉन बार्कलीने १७ कॅरीमध्ये (चेंडू घेऊन १७ वेळा धावून) १७६ यार्ड काढले आणि आपल्या क्वार्टरबॅक्सना ८ सॅक बसले. आपला लेफ्ट टॅकल अँड्र्यू थॉमस पायाच्या दुखापतीने बाहेर होता आणि अख्खी डावी बाजू कोसळली. समोरचा संघ २० गुणांनी पुढे असताना तो पास कशाला टाकेल? तो धावणार. मग तुमचे चार रशर नुसते उभे. पास रश ही आघाडीवर असलेल्या संघाची चैन आहे, आणि ३-१४ वाल्या (३ विजय, १४ पराभव) संघाला आघाडी मिळते ती ऑफेन्सिव्ह लाइनमुळे. त्यात नवा क्वार्टरबॅक जॅक्सन डार्टसाठी ३४ वा, ९९ वा आणि पुढच्या वर्षीचा तिसऱ्या फेरीचा पिक ह्यूस्टनला दिला. त्या पोराच्या पुढे उभं कोण राहणार? थिबोडोचा पाचव्या वर्षाचा पर्यायही (करार एक वर्ष वाढवण्याचा हक्क) उचलला, २०२६ साठी जवळपास दीड कोटी डॉलर. तेवढ्यात दोन दणकट गार्ड आले असते.

पॉकेटमार
चौथा_डाऊन, कॅम्पबेलचे हात कंबाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या मोजमाप-चाचण्यांत) ३२ आणि ५/८ इंच भरले. लेफ्ट टॅकलला ते आखूड पडतात हे तुम्हालाही माहीत आहे. तिसऱ्या नंबरावर घेऊन त्याला गार्ड खेळवायचं होतं का?

रूदरफर्डकर, तुम्हीही हातचं राखून लिहिताय. कार्टरचं जे काही आहे ते पहिल्या तीन पावलांत आहे. स्नॅपला, म्हणजे चाल सुरू होताना, चेंडू हलला की तो टॅकलच्या बाहेरच्या खांद्याच्या एक यार्ड बाहेरून सुटतो. तिसरं पाऊल किंचित आत टाकतो, तेवढ्याने टॅकलची कंबर क्षणभर थबकते. टॅकलने बाहेरचा हात लांबवला की आतल्या हाताने त्याच्या मनगटावर तिरका तडाखा, खांदा खाली, आणि वाकून वळण. यात बिघडतं कुठे ते बघा. तडाखा अर्धं पाऊल आधी पडला तर टॅकल हात मागे घेतो आणि उशिरा छातीत ठोसा देतो. कंबर सरळ राहिली तर टॅकल त्याला त्याच्याच वेगाने क्वार्टरबॅकच्या मागे ढकलून देतो. क्वार्टरबॅक ७-८ यार्डांवर असतो. तुम्ही १० यार्डांवर गेलात की तो एक पाऊल पुढे सरकतो आणि तुम्ही चालीतून बाद. वर धावायला मोकळी वाट दिलीत ती वेगळीच.

कॉलेजात निव्वळ वेगावर भागतं. इथले टॅकल मागे सरकत बसत नाहीत, कधीकधी स्नॅपबरोबर अंगावरच येतात. अशा वेळी एक हात लांब करून छातीवर रोवणं आणि आत पलटी मारणं, ही दोन उत्तरं पक्की लागतात. एकच हंगाम कडेला खेळलेल्या मुलाकडे ती अजून कच्ची आहेत. कबड्डीत कोपऱ्याला नुसती चपळाई असून चालत नाही, घोटा धरल्यावर वजन टाकता यावं लागतं. तसंच हे.

चौथा_डाऊन
हेच तर म्हणतोय! आणि रनचं काय? २५० पौंडांचा माणूस पहिल्या डाऊनला कडेवर उभा. समोरून गार्ड पुल होऊन (आपली जागा सोडून बाजूला धावत) त्याच्याकडे येतो. तेव्हा बाहेरचा खांदा मोकळा ठेवून, आतल्या खांद्याने भिडून चाल आत वळवावी लागते. तो बॅकफील्डमध्ये (समोरच्या लाइनच्या मागे) दोन यार्ड जास्त घुसला की मागे दरवाजा उघडा. सेक्वॉनसारख्याला तेवढं पुरतं.

हडसनपार
तुम्ही सगळे हाताबद्दल बोलताय, पायाबद्दल कोणीच नाही. कंबाइनमध्ये उजव्या पायात स्ट्रेस रिअॅक्शन सापडली आणि त्याने शस्त्रक्रिया न करण्याचं ठरवलं. हाड तुटण्याआधीची पायरी आहे ती. भार कमी केला की भरून येतं, भार तसाच राहिला की तडा जातो आणि मग स्क्रू घालावा लागतो. बचावाच्या उजव्या कडेवरून वळण घेताना बाहेरचा पाय म्हणजे उजवाच, सगळा रेटा त्याच्यावर.

आणि हे कुठे? आपल्या मेटलाइफ स्टेडियमच्या कृत्रिम टर्फवर. २०२३ ला नवीन टर्फ टाकलं आणि त्याच वर्षी पहिल्याच सामन्यात, चौथ्या स्नॅपला, याच मैदानावर खेळणाऱ्या जेट्सचा क्वार्टरबॅक रॉजर्सची टाचेमागची शीर (अकिलीस) तुटली. खेळाडू वर्षानुवर्षं गवत मागताहेत. 'एका मैदानावर दोन संघ, गवत टिकत नाही' हे उत्तर ठरलेलं. पण २०२६ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यासाठी याच स्टेडियममध्ये खरं गवत बसणार, कारण फिफाची अटच तशी आहे. पाहुण्यांच्या पायांसाठी गवत आणि घरच्या पोरांसाठी प्लॅस्टिक, याचा मला मनापासून संताप येतो. आधी ते बदला, मग एज की टॅकल यावर भांडा.

रूदरफर्डकर
गवताबद्दल १००% सहमत. पायाबद्दल इतकंच, की त्याला दोन्ही कडांवर आणि मध्ये फिरवलं तर एकाच पायावर रोज तोच भार येणार नाही. माझा मुद्दा त्यामुळे पक्काच होतो.

जुना_जायंट
मला या मुलाचा खेळ आवडतो. पण आल्या आल्या जर्सीचा ५६ नंबर मागायचा, मानासाठी निवृत्त केलेला, म्हणजे पुन्हा कोणाला न देण्याचा? लॉरेन्स टेलरचा नंबर! १९८६ मध्ये २०.५ सॅक आणि लीगचा एमव्हीपी (सर्वात मोलाचा खेळाडू), बचावातल्या खेळाडूने. त्याने सरळ सांगितलं की दुसरा नंबर घे आणि तो मोठा कर. तिथे थांबायचं, तर मग आपला जुना क्वार्टरबॅक फिल सिम्सचा ११ मागितला. सिम्स आधी तयार होते, घरच्यांनी नको म्हटलं. शेवटी ५१. निवृत्त केलेला नंबर ही मागायची वस्तू नाही.

पॉकेटमार
काका, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. ११ हा पेन स्टेटच्या लाइनबॅकरांचा मानाचा नंबर आहे. लव्हार अॅरिंग्टन, मायका पार्सन्स, मग कार्टर. २०२१ च्या नियमबदलापासून लाइनबॅकरला लीगमध्येही तो चालतो. त्याने चोरून नाही घेतला, ज्यांचा होता त्यांना विचारलं. यात अपमान कसला?

जुना_जायंट
विचारलं की समोरच्यावर ओझं येतं. नाही म्हटलं तर म्हातारा कोता ठरतो. सिम्स यांच्या कुटुंबाला लोकांनी काय काय बोल लावले ते वाचलं नाहीत का?

हडसनपार
मग आपला रिसीव्हर (पास झेलणारा) मलिक नेबर्सचं काय? २०२४ मध्ये त्याला १ नंबर दिला. तो रे फ्लॅहर्टींचा, १९३५ मध्ये निवृत्त केलेला, लीगमधला असा पहिलाच नंबर. त्यांच्या कुटुंबाने आनंदाने दिला. तेव्हा तुम्ही गप्प होतात, काका.

जुना_जायंट
गप्प नव्हतो. तेव्हाही चूकच म्हणालो होतो, आणि म्हणूनच आज ही वेळ आली. एक दिला की दुसरा मागणारच. या फ्रँचायझीत ३२ नंबर अल ब्लोझिसचा आहे. टॅकल होता, १९४५ च्या जानेवारीत फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला. उद्या कोणी रनिंग बॅक म्हणाला की मला ३२ हवा, कॉलेजात तोच होता, तर देणार?

चौथा_डाऊन
इथे मी काकांच्या बाजूने. ५६ ला हात लावायचाच नाही.

रूदरफर्डकर
५६ आणि ३२ ला नाही, मान्य. पण सरसकट नियम कसा करणार? आपण १४ नंबर दोघांसाठी निवृत्त केलाय, वॉर्ड कफ आणि वाय. ए. टिटल. म्हणजे कफचा नंबर पुढे टिटलने घातला, आणि त्याने कफचं नाव पुसलं गेलं नाही, दोघांचंही राहिलं. सिम्सनी हो म्हटलं असतं तर ११ चंही तसंच झालं असतं.

जुना_जायंट
टिटलने तो नंबर मैदानावर मोठा केला. या मुलाने अजून एक स्नॅप खेळलेला नाही. हा फरक तुम्ही मुद्दाम बाजूला ठेवताय.

रूदरफर्डकर
मुद्दाम काही नाही. पण हो, 'आधी खेळ मग माग' हे तुमचं मी नाकारू शकत नाही.

पॉकेटमार
नंबर बास. मूळ प्रश्नावर येतो. चौघांची चाल कागदावर छान दिसते, मैदानावर ती अदलाबदलीवर चालते. आतला माणूस बाहेर तिरका घुसून टॅकलला अडकवतो, कडेचा माणूस त्याच्या पाठीमागून आत वळतो. आतल्याने टॅकलचा खांदा खरोखर पकडायला हवा. दोघं एकाच खोलीवर राहिले तर गार्ड आणि टॅकल शांतपणे माणसं बदलून घेतात आणि वळसा घालण्यात अर्धा सेकंद फुकट जातो. आधी आतला, तो समोरच्याच्या पातळीच्या पुढे गेला की मगच दुसरा. हे जमवायला ट्रेनिंग कॅम्पमध्ये त्याच चौघांना एकत्र भरपूर स्नॅप मिळायला हवेत. बचावाचे प्रशिक्षक शेन बोवेन तेवढे देणार का, हा माझा प्रश्न आहे.

चौथा_डाऊन
तिसऱ्या डाऊनला हे चौघं एकत्र उतरले तर भीतीदायक होईल, एवढं लिहून देतो. रशर वाईट आहे असं मी कधीच म्हटलं नव्हतं. पण पहिल्या आणि दुसऱ्या डाऊनला थिबोडोच कडेवर हवा, कार्टर बाकावर. आणि थॉमस पूर्ण तंदुरुस्त होईपर्यंत डार्टला मैदानात पाठवू नका, अनुभवी क्वार्टरबॅक रसेल विल्सनला खेळू द्या. लेफ्ट टॅकलला पर्यायी माणूस अजूनही नाही, तो मुद्दा मी सोडणार नाही.

रूदरफर्डकर
पहिल्या डाऊनला थिबोडो, चालेल. पण बाकावर नाही. कार्टरला तेव्हा लाइनबॅकर म्हणून मागे उभं करा, दोन वर्षं तेच खेळलाय. गार्ड पुल होऊन आला तर तो त्याच्यासमोर चार यार्ड मागे असेल आणि धावणाऱ्याला वाचून मग भिडेल.

चौथा_डाऊन
एका हंगामात त्याला दोन जागा शिकवणार? ज्या दोन प्रतिचाली कच्च्या आहेत असं पॉकेटमार म्हणाले, त्या मग पक्क्या कधी होणार?

पॉकेटमार
याला माझ्याकडे उत्तर नाही. मी त्याला फक्त रशर ठेवला असता, पहिल्या वर्षी सामन्यात ३५-४० स्नॅप, त्यातले बहुतेक दुसऱ्या आणि तिसऱ्या डाऊनचे.