खिडकीवरची धूळ पुसू नका

ग्रुप: आमची सोसायटी, फक्त कामाचे (डिचोली, गोवा)

मंगळवार

सी-२०१ वहिनी, दु. १:५२
आत्ता हादरा कुणाला जाणवला का? फडताळातले पेले खणखणले. बाळ दचकून उठलं.

ए-१०१ माई, १:५४
हो गं. देव्हाऱ्यातली समई हलली. मला वाटलं चक्करच आली, गोळी घेऊन बसले.

ए-२०४ ट्रकवाले भाऊ, १:५८
सुरुंग. दुसरं काय असणार.

सी-३०३, २:०५
सेक्रेटरी, आपण तक्रार केली होती ना? तिचं काय झालं?

सेक्रेटरी, २:२०
केली होती. लेटरहेडवर, सव्वीस सह्यांनिशी. उत्तर कालच आलंय, टाकणारच होतो. पोर्टलवर ‘निकाली’ दिसतंय. मजकूर असा: ‘सदर ठिकाणी पाहणी केली असता सुरुंगाचे काम आढळून आले नाही. पाण्याचा टँकर कार्यरत होता. सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे.’

सी-३०३, २:२२
आढळून आले नाही?? पाहणी केली कधी?

सेक्रेटरी, २:२४
तारीख दिलीय. भिंतीवरच्या कॅलेंडरात बघितली. रविवार होता.

बी-३०२ काका, २:३१
सरकारी माणूस रविवारी पाहणीला गेला. ही बातमी पेपरात द्यायला हवी.

सी-२०१ वहिनी, २:३३
काका, थट्टा नको. बाळाला दिवसातून दोनदा नेब्युलायझर लावतेय मी. सकाळी पुसलेल्या खिडकीवर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं. लाल धूळ.

बी-३०२ काका, २:४०
थट्टा नाही वहिनी. सेक्रेटरी, आपल्या अर्जाचा विषय काय होता? पहिली ओळ टाका बघू.

सेक्रेटरी, २:४४
‘आमच्या सोसायटीजवळील खाणीमुळे रहिवाशांना होणाऱ्या असह्य त्रासाबाबत.’

बी-३०२ काका, २:४६
कुठल्या खाणीमुळे?

सेक्रेटरी, २:४७
खाणीमुळे म्हणजे… खाणीमुळे.

ए-२०४ ट्रकवाले भाऊ, २:५१
तिथेच घोळ झालाय. लोखंडाच्या खाणीत इथे सुरुंग नाही लावत. माल मऊ, पोक्लेनचा दात लागला की सुटतो. हादरा येतो तो डोंगरापलीकडच्या खडीच्या खाणीतून. काळा दगड, तो फोडायलाच लागतो.

सी-३०३, २:५३
म्हणजे पाहणी करणारे गेले लोखंडाच्या खाणीत, सुरुंग दिसला नाही, आणि लिहिलं ते खरं??

बी-३०२ काका, ३:१५
अक्षरन् अक्षर खरं. मी तीस वर्षं आवक-जावक सांभाळली, मोघम अर्जाला असंच उत्तर जातं. खाली लांबलचक लिहितोय, ज्यांना कंटाळा त्यांनी सोडून द्यावं.

आपल्याकडे खाणी दोन आणि कायदेही दोन. लोखंड हे मुख्य खनिज. त्याला केंद्राचा १९५७ चा कायदा, खाणीचा आराखडा तपासतो भारतीय खाण ब्युरो. खडी, चिरे, रेती हे गौण खनिज. त्याला राज्याचे १९८५ चे नियम, परवाना पणजीच्या खाण खात्याचा. धूळ, आवाज, नाल्यात सोडलेलं पाणी हे प्रदूषण नियंत्रण मंडळाचं, म्हणजे साळगावचं. सुरुंग मात्र यांच्यापैकी कुणाचाच नाही. तो खाण सुरक्षा महासंचालनालयाचा. ते केंद्राचं, मुख्यालय धनबादला. ‘आमची खाण लहान, आम्हाला नियम नाहीत’ असं खडीवाला म्हणेल. खोल न गेलेल्या, थोड्या माणसांच्या दगडखाणींना खाण सुरक्षेच्या कायद्यातून सूट आहे खरी, पण स्फोटकं वापरली की ती सूट संपली.

आपण एकाच कागदावर धूळ, हादरा, ट्रक, विहीर सगळं लिहिलं आणि एकाच खात्याला पाठवलं. त्यांच्या अखत्यारीत होता धुळीवर पाणी मारणारा एक टँकर. तो त्यांनी बघितला.

सी-२०१ वहिनी, ३:२२
मग सामान्य माणसाने हे सगळं पाठ करायचं का? एका ठिकाणी तक्रार दिली की त्यांनीच योग्य टेबलावर पाठवायला नको?

बी-३०२ काका, ३:२५
पाठवायला हवी. माहिती अधिकारात तर तसं लिहूनच ठेवलंय, अर्ज चुकीच्या खात्याकडे गेला तर पाच दिवसांत योग्य खात्याकडे सरकवायचा. साध्या तक्रारीच्या मागे असा चाबूक नाही. तिला ‘निकाली’चा शिक्का लवकर लागतो, कारण महिन्याच्या बैठकीत प्रलंबित किती ते विचारतात. त्रास थांबला का, हे कुणी विचारत नाही.

ए-२०४ ट्रकवाले भाऊ, ३:४०
सगळं ठीक आहे, पण एक सांगतो, राग मानू नका. ‘खाण बंद करा’ असं लिहिणार असाल तर माझी सही धरू नका. २०१२ ला गोव्यातली सगळी लोखंडाची खाण बंद झाली. मग कोर्टाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली, थोडी चालली. २०१८ ला ८८ लीज रद्द, १६ मार्चपासून पुन्हा बंद. माझा टिप्पर घराच्या मागे उभा होता, टायरांना वेल चढले होते. बँकेचा हप्ता मात्र उभा राहिला नाही. २०२४ ला सरकारने लिलावात दिलेली पहिली खाण सुरू झाली ती आपल्याच डिचोलीत, तेव्हा कुठे श्वास घेतला.

सी-२०१ वहिनी, ३:४२
श्वासाचंच बोलतेय मी पण भाऊ.

(बराच वेळ कुणीच काही लिहिलं नाही.)

ए-१०१ माई, ४:३०
पोदेर आज आला नाही का? कुणाकडे दोन पाव जास्तीचे आहेत?

बी-३०२ काका, ४:४१
माई, पाठवतो. भाऊ, बंद करा असं कुणीच म्हणत नाही. तुमचा ट्रक ताडपत्री घालून जातो, मी रोज गॅलरीतून बघतो. जे घालत नाहीत त्यांच्यावर लिहायचं. खनिजाच्या ट्रकांना जीपीएस आहे, कुठला ट्रक किती वाजता आपल्या वळणावर होता हे खाण खात्याला दिसतं. आपण नंबर आणि वेळ द्यायची, बस्स.

डी-३०१, ५:१०
काका, मी घरूनच काम करतो. पर्यावरण दाखला केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर सापडतो का बघू? दोन्ही खाणींचा?

बी-३०२ काका, ५:१२
शाबास. अटींची पानं तेवढी काढ. प्रस्तावनेत नुसती स्तुती असते.

बुधवार

डी-३०१, स. ११:०५
मिळाले. खडीच्या खाणीच्या अटी वाचल्या: सुरुंग ठरलेल्या वेळेतच, आधी भोंगा, रस्त्यावर दोन्ही बाजूंना माणूस उभा. शिवाय अटी पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यायचा, १ जून आणि १ डिसेंबरला. शेवटचा अपलोड केलेला मला तरी सापडला नाही.

सी-२०१ वहिनी, ११:०९
भोंगा? मी इथे दोन वर्षं राहतेय. भोंगा एकदाही ऐकला नाही.

डी-१०४, ११:१५
मी ऐकलाय. पण तो ॲम्ब्युलन्सचा असेल.

बी-३०२ काका, ११:३०
आजपासून वही. डी-३०१, ते गुगल शीट की काय असतं ते कर. तारीख, वेळ, भोंगा होता की नाही, फ्लॅट, काय हललं. ‘फार जोराचा’, ‘असह्य’ असले शब्द नकोत. ‘समई हलली’ हा पुरावा आहे, ‘जीव घाबरला’ हा नाही.

ए-१०१ माई, ११:३४
माझा जीव घाबरतो त्याचं काय करू मग?

बी-३०२ काका, ११:३५
तो डॉक्टरांच्या कागदावर येऊ दे माई. तारखेसह.

सी-३०३, ११:५०
एक शंका. माझ्या हॉलमधली भेग सुरुंगाची हे कशावरून? बिल्डरने काय सिमेंट घातलं ते आपल्याला माहीत आहे.

बी-३०२ काका, दु. १२:१०
बरोबर. आणि खाणवाला नेमकं हेच म्हणणार. म्हणून आमच्या बेडरूममधल्या भेगेवर आज पतंगाच्या कागदाची पट्टी चिकटवली. दोन्ही टोकांना फेव्हिकॉल, मध्ये कोरडी, वर तारीख आणि सही. भेग जुनी आणि झोपलेली असेल तर कागद तसाच राहील. हलत असेल तर फाटेल. भेग हलते की नाही ते कागद सांगेल, तुम्ही-मी नको.

डी-३०१, १२:२०
फोनमध्ये कंपन मोजायचं ॲप आहे, लावून ठेवतो.

बी-३०२ काका, १२:२४
लाव, पण अर्जात लिहू नकोस. फोन टेबलावर, टेबल फरशीवर, फरशीवर तुझे पाय. त्यांच्याकडे यंत्र असतं ते जमिनीत रोवतात. सुरक्षा महासंचालनालयाचं १९९७ चं परिपत्रक आहे: दुसऱ्याच्या घरापाशी जमिनीचं कंपन सेकंदाला ५ ते १५ मिलिमीटरच्या आत हवं. हादरा जितका संथ तितकी मर्यादा कडक, ८ हर्ट्झच्या खाली, म्हणजे सेकंदाला ८ हून कमी हेलकावे असतील तर, ५ च. ‘यंत्र आणा आणि ए विंगच्या पायथ्याशी लावा’ एवढंच मागायचं. मोजमाप आपण करायचं नाही, करून घ्यायचं.

सी-२०१ वहिनी, १२:३०
आणि हवा कोण मोजणार?

बी-३०२ काका, १२:३८
मंडळ. २४ तासांची सरासरी, १० मायक्रॉनपर्यंतचे कण घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमच्या आत हवेत. मागायचं ते आपल्या गच्चीवर, ट्रक चालू असलेल्या दिवशी. शिवाय जिल्हा खनिज निधी आहे. लिलावाच्या नव्या खाणींकडून रॉयल्टीच्या १०% रक्कम त्यात येते, आणि त्यातला निदान ७०% पैसा पाणी, आरोग्य, प्रदूषण नियंत्रण, शिक्षण अशा कामांनाच लावायचा असतो. त्यातून डिचोलीत कायमचं यंत्र मागायला काय हरकत? मागेल त्यालाच मिळतं, तेही कधीकधी.

डी-१०४, १२:४५
लोखंडाच्या खाणीची जनसुनावणी झाली तेव्हा आपल्यातलं कोण गेलं होतं?

सेक्रेटरी, १२:५२
नोटीस ३० दिवस आधी पेपरात येते. मी कात्रण टाकलं होतं ग्रुपवर. त्याखाली चौदा जणांनी नमस्काराचे हात टाकले. त्या दिवशी सगळे बी-१०३ च्या मुलीच्या लग्नाला.

बी-१०३, १२:५५
मुहूर्त आम्ही आधी काढला होता.

तीन आठवड्यांनी, गुरुवार

डी-३०१, सं. ६:०२
वहीतल्या एकूण नोंदी: हादरे नऊ, भोंगा शून्य. सात वेळा वेळ दुपारी दीड ते दोन. ताडपत्री नसलेले ट्रक एकतीस, नंबरसह. माईंची एक नोंद ‘११ ते १२ झोप, माहीत नाही’ अशी आहे, ती तशीच ठेवली.

बी-३०२ काका, ६:१०
ठेव. त्यानेच वही खरी वाटते. आणि पट्टी सहाव्या दिवशी फाटली. फोटो टाकलाय. सी-३०३, तुमची?

सी-३०३, ६:१४
माझी शाबूत आहे. म्हणजे माझी भेग बिल्डरचीच.

बी-३०२ काका, ६:१६
हेही अर्जात लिहिलं मी. ‘एका घरातील पट्टी फाटली नाही’ असं.

सेक्रेटरी, ६:३०
महत्त्वाचं. चार अर्ज चार ठिकाणी गेले होते, प्रत्येकात एकच विषय. दोघांचं अजून काही नाही. एका ठिकाणाहून ट्रकांची यादी ‘पुढील कार्यवाहीस’ गेली म्हणून पत्र आलं. आणि आज फोन आला: उद्या ११ वाजता कंपनाचं यंत्र घेऊन माणूस येतोय. मंडळाचे एक साहेबही सोबत येणार, खिडक्या-गच्ची बघायला. कोण कोण घरी आहे?

सी-२०१ वहिनी, ६:३२
मी आहे.

ए-२०४ ट्रकवाले भाऊ, ६:४५
आतली खबर सांगतो. उद्या खडीच्या खाणीत सुरुंग नाही. तिथल्या पोरांना सुट्टी दिलीय.

सी-३०३, ६:४६
झालं. परत ‘आढळून आले नाही’.

बी-३०२ काका, ७:०५
येऊ दे त्यांना. उद्या हादरा नसला तरी किती स्फोटकं आली, किती वापरली आणि कधी, याची नोंद त्यांना ठेवावीच लागते. साहेबांसमोर आपली वही ठेवायची आणि म्हणायचं, या नऊ तारखांची नोंद दाखवायला सांगा. जुळली तर भोंगा का नाही ते विचारा. नाही जुळली तर प्रश्न आणखी मोठा. भाऊ, तुम्ही येणार का खाली?

ए-२०४ ट्रकवाले भाऊ, ७:२०
ट्रकांच्या यादीत माझ्या मामेभावाचा नंबर आहे. पण सुरुंगासाठी येतो. माझ्या घरातही आई झोपते दुपारी.

सी-२०१ वहिनी, ७:२४
सगळ्यांना विनंती. उद्यापर्यंत खिडक्या, ग्रिल, गॅलरीचे कठडे पुसू नका. साहेबांना धूळ दिसली पाहिजे. विशेषतः ए विंग, रस्त्याच्या बाजूला.

ए-१०१ माई, ७:४१
अगं बाई. घरी साहेब येणार म्हणून मी आत्ताच सुनेकडून सगळं पुसून घेतलं. जाळीसुद्धा साबणाने.

सी-२०१ वहिनी, ७:४२
माई!!

ए-२०४ ट्रकवाले भाऊ, ७:४५
काही काळजी करू नका माई. सकाळी आठला पहिली ट्रिप आहे.