मदत हवी आहे: लांब पल्ल्याची गोल्फ आयर्न घ्यावीत की पारंपरिक?

नमस्कार मंडळी,

गोल्फच्या आयर्नचा (झेंड्याच्या दिशेने बॉल मारायच्या क्रमांकवार क्लबांचा) सेट बदलायचा आहे आणि दोन पर्यायांत अडकलो आहे. तुम्हाला नीट सांगता यावं म्हणून माझे आकडे देतो.

हँडिकॅप १६ (हा आकडा जितका कमी तितका खेळाडू चांगला). सध्याचा सेट फोर्ज्ड (ठोकून घडवलेला), लहान डोक्याचा कॅव्हिटी बॅक (मागून खोलगट) आहे आणि लॉफ्ट, म्हणजे फेसचे (बॉलला लागणाऱ्या बाजूचे) मागे कललेले कोन, जुन्या पद्धतीचे आहेत: सात नंबर ३४ अंश, पिचिंग वेज (जवळच्या फटक्यांचा क्लब) ४७. फेसवरच्या खाचा (ग्रूव्ह) पार झिजल्यात, त्यामुळे बदलणं भागच आहे. सात नंबरला स्विंगचा वेग ताशी ७६ मैलांच्या आसपास येतो, कॅरी (बॉल हवेत कापतो ते अंतर) साधारण १३८ यार्ड, स्पिन (बॉलच्या मिनिटाला फिरक्या) ६,४०० च्या आगेमागे.

नवा म्हणून जो सेट मारून पाहिला तो अगदी उलट घडणीचा. पोकळ डोकं, पातळ फेस, रुंद सोल (डोक्याचा तळ), ऑफसेट (दांड्यापेक्षा फेस मागे असणं) जास्त. त्याचा सात नंबर २८ अंशांचा आणि पिचिंग वेज ४३ चा. लाँच मॉनिटरवर (फटका मोजणाऱ्या यंत्रावर) कॅरी १५२ दाखवत होता. म्हणजे त्याच क्रमांकाच्या क्लबने १४ यार्ड जास्त! पण स्पिन ४,७०० वर आला आणि बॉल जमिनीवर उतरतानाचा कोन ४६ वरून ४२ अंशांवर घसरला.

माझे अ‍ॅप्रोच, म्हणजे ग्रीनकडे (होलभोवतीच्या कातरलेल्या हिरवळीकडे) मारलेले फटके, बहुतेक वेळा अलीकडेच पडतात, त्यामुळे वाढीव अंतराचा मोह मोठा आहे. पण उंच चढलेला बॉल ग्रीनवर उतरून दोन उड्यांत थांबतो, या खेळात मला सगळ्यात आवडतं ते हेच. ते हरवून नुसतं अंतर मिळालं तर मला नको.

तर प्रश्न असा: माझ्यासारख्याने अंतरासाठी बनवलेली आयर्न घ्यावीत, की पारंपरिक लॉफ्टचाच नवा सेट घ्यावा? दोन्हींचा मेळ घालता येतो का? आणि या सेटमध्ये पिचिंग वेज ४३ चा असेल, तर माझ्या ५६ च्या सँड वेजपर्यंतची पोकळी कशी भरायची?

प्रतिसाद

सोलवर छापलेला क्रमांक आधी विसरा. तो आकडा कुठल्याही नियमाने बांधलेला नाही. टायटलिस्ट कंपनीच्या ६२० एमबी ब्लेडमध्ये (पातळ, सपाट पाठीच्या आयर्नमध्ये) सात नंबर ३५ अंशांचा आहे, त्यांच्याच टी१०० मध्ये ३४ चा. पिंग जी४३० मध्ये तो २९ चा, टेलरमेड स्टेल्थमध्ये २८ चा. ६२० एमबीचा पाच नंबर २७ अंशांचा असतो. म्हणजे तुम्ही जो 'सात' मारून आलात, तो लॉफ्टच्या हिशोबाने त्या ब्लेडच्या पाच नंबरच्या शेजारी बसतो.

आता यावर कोणी म्हणेल की मग ही निव्वळ फसवणूक झाली. मला तसं वाटत नाही. पोकळ डोक्यात वजन खाली आणि मागे नेलेलं असतं. गुरुत्वमध्य खाली गेला की बॉल आपोआप वर उडतो. तिथे लॉफ्ट ३४ चाच ठेवला तर सामान्य खेळाडूचा बॉल नुसता आकाशात चढेल आणि वाऱ्यात अडकेल. म्हणून लॉफ्ट कमी करतात. पातळ फेसमुळे बॉलचा वेगही थोडा वाढतो. तेव्हा नवा सात म्हणजे निव्वळ नाव बदललेला पाच नव्हे. जुन्या पाचपेक्षा तो कितीतरी सहज वर उडतो आणि लांबीलाही सहसा त्याच्यापेक्षा आखूड असतो.

तुम्हाला एकच काम सांगतो. पुन्हा जाऊन नव्या सातची तुलना तुमच्या सहाशी करा, सातशी नको. खरी वाढ किती ते तेव्हाच कळेल.

प्रतिसाद

तुमच्या आकड्यांमध्ये मला सगळ्यात बोलकी गोष्ट दिसली ती वेगाची. ताशी ७६ मैल हा लाँच मॉनिटर बनवणाऱ्या ट्रॅकमनच्या जुन्या, बहुप्रसिद्ध तक्त्यात एलपीजीए (महिलांच्या व्यावसायिक टूर) खेळाडूंचा सात नंबरचा सरासरी वेग आहे. त्यांची कॅरी १४१ यार्ड, स्पिन ६,७०० च्या जवळ आणि उतरण्याचा कोन ४७ अंश. पीजीए टूरच्या पुरुषांचा वेग ९०, कॅरी १७२, स्पिन ७,१०० च्या आसपास आणि कोन ५०. नीट बघा, दोघांच्या कॅरीत ३१ यार्डांचा फरक आहे, कोनात मात्र तीनच अंशांचा. कमी वेग असूनही या बायका ग्रीनवर बॉल थांबवतात, कारण तो उभा उतरतो. तुमचा सध्याचा सात जवळपास हेच काम करतोय. १३८ आणि ४६! त्याला नावं ठेवण्यासारखं त्यात काहीच नाही.

फिटिंग करणारे ढोबळमानाने ४५ अंश ही खालची मर्यादा धरतात. त्याखाली बॉल पडल्यावर पुढे पळतो. ग्रीन मऊ असेल तर ४२ वरही निभावतं, पण टणक ग्रीनवर पुढच्या कडेच्या बंकरपलीकडे (वाळूच्या खड्ड्यापलीकडे) झेंडा असेल तर १५२ यार्डांची कॅरी असूनही बॉल मागच्या उतारावर सापडेल. शिवाय रफमध्ये (वाढलेल्या गवतात) फेस आणि बॉल यांच्यामध्ये गवत येतं, तेव्हा स्पिन आणखी घटतो. मुळात ४,७०० वर असलेला बॉल तिथून निघाला की कुठे थांबेल ते सांगणं कठीण. माझ्या मते हा अंतरवाल्या आयर्नचा सगळ्यात मोठा तोटा आहे आणि शोरूममधल्या चटईवर तो कधीच दिसत नाही.

एक विचारायचं होतं, लाँच मॉनिटरवर बॉल कुठला होता? टणक आवरणाच्या रेंज बॉलवर स्पिनचा आकडा फसवा येतो. स्वतःचा बॉल घेऊन जा.

प्रतिसाद

मी दुसरी बाजू मांडते, कारण वरच्या दोन्ही उत्तरांत ती थोडी मागे पडली.

१६ हँडिकॅपच्या खेळाडूचा प्रत्येक बॉल फेसच्या मध्यावर लागत नाही. टोकाकडे लागलेला बॉल लहान डोक्याच्या आयर्नवर सरळ १५ यार्ड कमी जाऊ शकतो, आणि 'ग्रीनच्या अलीकडे' हे जे तुम्ही लिहिलंत, त्यातला बराच भाग इथूनच येत असणार. त्यामुळे मॉनिटरवर सर्वात लांब गेलेला बॉल बघू नका. वाईट लागलेले बॉल न गाळता सगळ्यांचा पसारा बघा. सर्वात आखूड आणि सर्वात लांब यांच्यात अंतर किती, डावी-उजवीकडे किती फाकले, हे दोन्ही सेटसाठी लिहून काढा.

आणि इथे दोन गोष्टींची गल्लत होते, ती सोडवायला हवी. चुका सांभाळून घेणं वेगळं आणि लांब जाणं वेगळं. पिंगचे कार्स्टन सोल्हाइम यांनी १९६० च्या दशकात वजन डोक्याच्या कडांना नेलं, आणि १९८२ मध्ये आलेल्या आय टू आयर्नने ती कल्पना घरोघरच्या बॅगेत पोचवली. तेव्हाचे लॉफ्ट आजच्यापेक्षा खूपच जास्त होते. म्हणजे सांभाळून घेणारं डोकं हवं असेल तर २८ अंशांचा सात घेण्याची सक्ती नाही. सात नंबर ३२-३३ अंशांचा असलेले, मध्यम आकाराचे कॅव्हिटी बॅकही बाजारात आहेत. टेलरमेडचा पी७७० पोकळ डोक्याचा असूनही सात नंबरला ३३ आहे. पिंग तर त्यांच्या काही सेटना 'रेट्रो स्पेक' देतं, त्यात त्याच डोक्याचे लॉफ्ट वाढवून मिळतात. तुमच्या धाग्याच्या शीर्षकात दोनच टोकं आहेत. मला वाटतं तुमचं उत्तर त्यांच्या मधे कुठेतरी आहे.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे स्वतःचा बॉल घेऊन पुन्हा गेलो होतो.

माझा सहा नंबर ३० अंशांचा आहे. त्याची कॅरी १४८ आली, नव्या सातची १५१. म्हणजे ज्या १४ यार्डांनी मी हुरळलो होतो, त्यातले खरे तीनच निघाले. उतरण्याचा कोनही जवळजवळ सारखाच, माझ्या सहाचा ४४ आणि नव्या सातचा ४३.

पण ताईंनी सांगितलेला पसाराही मांडला, आणि तिथे नवा सेट स्पष्टपणे पुढे आहे. टोकाला लागलेला बॉल माझ्या सहावर १३ ते १५ यार्ड गमावतो, नव्या सातवर सहा-सात. पाच नंबरला तर फरक डोळ्यांत भरतो. माझा पाच नंबर मी मारतो तेव्हा चांगला लागला तरी फार वर जात नाही. नवा, लॉफ्ट कमी असूनही, जास्त उंच उडतो.

उलट नऊ नंबर आणि पिचिंग वेजला मला माझीच आयर्न हवीशी वाटली. नवा पिचिंग वेज ११८ यार्ड जातो, अर्ध्या स्विंगचा फटका त्याने मारताच येईना. रुंद सोल आखूड गवतावरून घसरत होता.

मग आता लांब आयर्न नवी आणि आखूड आयर्न पारंपरिक असा मिश्र सेट करावा का? आणि पाच-सहा-सात नवे, आठपासून खाली जुन्या पद्धतीचे, इतकं ते सोपं आहे का?

प्रतिसाद

इतकं सोपं नाही, आणि बरेच जण इथेच अडखळतात. क्रमांकावरून जोडलंत तर नवा सात २८ चा आणि पारंपरिक आठ ३८ चा. मधे दहा अंशांची दरी. १३५ यार्डांसाठी तुमच्याकडे क्लबच उरणार नाही. आयर्नमध्ये दर क्लबला चार-पाच अंशांचं अंतर ठेवा.

त्यापेक्षा असं करा: नवे पाच, सहा आणि सात घ्या, आणि पारंपरिक सेट *सातपासूनच* सुरू करा. बॅगेत दोन सात राहतील, एक २८ किंवा २९ चा आणि एक ३४ चा. सोलवरचे आकडे विचित्र दिसतील, पण लॉफ्टचा जिना सरळ राहील. यात ३४, ३८, ४२, ४७ असे पारंपरिक चार येतात, आणि तुमचा वेजचा प्रश्नही आपोआप सुटतो. ४७ नंतर ५२ आणि मग तुमचा ५६.

पूर्ण अंतरवाला सेटच घ्यायचा ठरवलात तर ४३ नंतर थेट ५६ ठेवून चालणार नाही, मधे १३ अंश आहेत. ४८ चा आणि ५२ चा असे दोन वेज घ्यावे लागतील. बॅगेत १४ च क्लब चालतात, म्हणून वरचं काहीतरी काढावं लागेल.

मिश्र सेटमध्ये बॅग अशी भरते: ड्रायव्हर, तीन नंबरचा एक वूड, दोन हायब्रिड (वूड आणि आयर्न यांच्या मधले क्लब), नवी तीन आयर्न, पारंपरिक चार, ५२, ५६ आणि पटर. बरोबर १४.

फोर्ज्ड कार्बन स्टील मऊ असतं, एक-दोन अंश वाकवून घेता येतं, त्यामुळे जोडणीच्या जागी थोडं मागेपुढे करायला वाव आहे. मात्र लॉफ्ट एक अंशाने वाढवला की बाउन्सही (सोलचा जमिनीशी होणारा कोन) तितकाच वाढतो, हे लक्षात ठेवा. कास्ट स्टेनलेस डोकी कडक असतात, ती वाकवण्याच्या भरीला पडू नका.

प्रतिसाद

वरचा जिना योग्य आहे, फक्त शाफ्टचं (क्लबच्या दांड्याचं) कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. अंतरवाल्या सेटमध्ये बहुधा हलका शाफ्ट बसवलेला येतो, पारंपरिक सेटमध्ये जड. डायनॅमिक गोल्ड एस३०० कापण्याआधी १३० ग्रॅमच्या आसपास, निप्पॉनचा ९५०जीएच १०० च्या आत. एकाच बॅगेत सहज ३० ग्रॅमचा फरक पडला तर पाच आणि आठ नंबरला तुमचा टेम्पो (स्विंगची लय) वेगवेगळा होईल, आणि दोष तुम्ही डोक्याला द्याल. सातही आयर्नना एकाच जातीचा, एकाच फ्लेक्सचा (लवचिकतेचा) शाफ्ट मागा. ७६ मैलांच्या वेगाला ९५ ते १०५ ग्रॅमचा रेग्युलर स्टील मी आधी मारून बघेन.

धागाकर्ता

दोन सातचा पर्याय पटला. नवा सात २९ चा मिळतोय, म्हणजे ३४ च्या सातपर्यंत बरोबर पाच अंश. शाफ्ट सातही आयर्नना एकच सांगतो. लाय अँगल (दांडा आणि जमीन यांतला कोन) मात्र दोन्ही डोक्यांना वेगवेगळा तपासून घ्यावा लागेल का, की एकदाच मोजला तर चालेल?

प्रतिसाद

वेगवेगळाच तपासा. सोलची रुंदी आणि क्लबची लांबी वेगळी आहे, त्यामुळे एकाचं माप दुसऱ्याला लागू होत नाही. आणि बॉलच्या मागे मार्करने उभी रेघ काढून मारा. फेसवर उमटलेली रेघ सरळ उभी आली की लाय बरोबर.