रोजच्या बॅगेचं वजन ५ किलो ९०० ग्रॅम भरलं. काय ठेवू, काय काढू?

कोपरीवाली

नमस्कार. मी ठाणे पूर्वेला कोपरीत राहते आणि वाशीच्या मार्केट यार्डात, मसाला बाजारातल्या एका पेढीवर हिशेबाचं काम करते. रोज ट्रान्स हार्बरने ठाणे ते तुर्भे, तिथून शेअर रिक्षा. अकरा वर्षं हाच रस्ता.

दोन महिन्यांपासून उजवा खांदा धरलाय. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, हाडात काही नाही म्हणाले आणि विचारलं, "बॅगेत काय काय घालता?" मला सांगताच येईना. दुसऱ्या दिवशी पेढीवर दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा बॅग मोठ्या काट्यावर ठेवली. ५ किलो ९०० ग्रॅम. मग लवंग-वेलचीचे नमुने तोलायचा छोटा काटा घेतला आणि एकेक वस्तू तोलून वहीत लिहिली. पाण्याची स्टीलची बाटली भरलेली १३४० ग्रॅम. तीन खणी डबा ११५०. रिकामी रेक्झिनची बॅगच ६५०. छत्री ४८०, पॉवर बँक ४३०, टॉर्च ३१०. औषधांचा पाऊच २६०, त्यात मुलगा शाळेत असतानाची उलटीची गोळी निघाली. मुलगा आता नोकरीला आहे.

वजनापेक्षा जास्त लागलं ते वेगळंच. गेल्या आठवड्यात रात्री घरी पोचले तर आमच्या बिल्डिंगची लाइट गेलेली. चौथा मजला, लिफ्ट नाही. फोन ऐरोलीलाच बंद पडला होता. पॉवर बँक काढली तर तिचा एकही दिवा लागेना, कारण मी ती चार्जच केली नव्हती. टॉर्च काढला तर आत सेल फुटून पांढरी बुरशी आल्यासारखं झालेलं. भिंत चाचपत चढले आणि तिसऱ्या मजल्याच्या तुटक्या पायरीवर गुडघा फोडून घेतला. पॉवर बँक आणि टॉर्च मिळून पाऊण किलोचं सामान मी कित्येक महिने खांद्यावर वागवत होते, आणि लागलं तेव्हा दोन्ही मेलेली निघाली.

आता नव्याने सगळं लावायचंय. जास्तीत जास्त अडीच किलो, डब्या-पाण्यासकट. छोटा टॉर्च घ्यावा की फोनचा पुरतो? पॉवर बँक किती मोठी? बाजारात पाकिटांची सुतळी कापायला रोज काहीतरी लागतं, मी आतापर्यंत दुसऱ्यांकडे कात्री मागत आले. चाकू ठेवावा का? आणि पावसाळा तोंडावर आहे, तेव्हा छत्रीचंही सांगा. स्वतः वापरलेलंच सांगा, ही विनंती.

घणसोली_लिफ्टवाला

ताई, मी लिफ्टच्या मेंटेनन्सला आहे, टॉर्चवरच पोट आहे. म्हणून टॉर्चचं सविस्तर लिहितो.

फोनचा टॉर्च पुरत नाही, कारण तो एक हात खातो. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली होती, आठवत असेल. त्या दिवशी ऐरोलीत एका जुन्या बिल्डिंगमध्ये दोन माणसं लिफ्टमध्ये अडकलेली. अशा वेळी आधी मेन स्विच बंद करायचा, मग वर मशीन रूममध्ये एकाने ब्रेक सोडून धरायचा आणि दुसऱ्याने हाताने चाक फिरवत लिफ्ट मजल्याला आणायची. दोघांचे चारही हात गुंतलेले. माझ्या हेल्परने फोन दातात धरला होता आणि उजेड छतावर. माझ्या टोपीच्या कडेला क्लिपचा टॉर्च होता, त्यावर काम झालं. तुमच्या जिन्यातही तेच, एक हात कठड्याला आणि दुसऱ्यात सामान.

तुम्ही एका पेन्सिल सेलवर किंवा रिमोटच्या बारीक सेलवर चालणारा, दोन्हीकडून अडकणारी क्लिप असलेला टॉर्च घ्या. ओढणीला, बॅगेच्या पट्ट्याला, कुठेही अडकतो. खोक्यावर लुमेनचा (उजेडाचं माप) मोठा आकडा बघून भुलू नका. जिना चढायला २०-३० लुमेन खूप झाले, आणि कमी उजेडाच्या मोडवर तोच सेल कितीतरी तास जास्त चालतो. आत बसवलेली बॅटरी, फक्त केबलने चार्ज होणारे टॉर्चही चांगले येतात, पण तुमची पॉवर बँक जशी विसरली गेली तसाच तो विसरला जाईल. सेल कुठल्याही टपरीवर मिळतो.

सेल फुटण्याचं कारण ऐका. साधे अल्कलाइन सेल वापर नसताना महिनोन् महिने आत राहिले की गळतात, आणि ती पांढरी पूड टॉर्चचं स्प्रिंग खाते. दोन उपाय आहेत. एकतर रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइडचे सेल घ्या, 'लो सेल्फ डिस्चार्ज' लिहिलेले. ते क्वचितच गळतात आणि वर्षभर पडून राहिले तरी बराचसा चार्ज टिकवतात. नाहीतर अल्कलाइनच ठेवा, पण तारीख लिहून दर सहा महिन्यांनी बदला.

जुना टॉर्च लगेच फेकू नका. कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन ती पूड पुसा, मग कोरड्या फडक्याने पुसून वाळवा. स्प्रिंग गंजून तुटलेलं नसेल तर चालतो. ती पूड हाताला लागू देऊ नका, क्षार असतो. तो टॉर्च घरी दाराजवळ टांगा.

आणखी एक, बॅगेत बटण दाबलं जाऊन टॉर्च जळत राहतो. बऱ्याच धातूच्या टॉर्चची मागची टोपी पाव फेरा सैल केली की सर्किट तुटतं, मग कितीही दाबलं तरी लागत नाही. दुकानातच हे करून बघा आणि मग पैसे द्या.

कोपरीवाली

दादा, खूप आभार. व्हिनेगर नव्हतं, लिंबाने पुसला. स्प्रिंग काळं पडलंय पण टॉर्च लागला! आता दाराजवळच्या खिळ्याला आहे. क्लिपचा नवा बघते.

कोपरखैरणे_सेक्टर११

पॉवर बँकेबद्दल मी सांगते. ४३० ग्रॅम म्हणजे तुमची २०००० एमएएचची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) असणार. रोजच्या तासाभराच्या प्रवासाला ती फार झाली.

आकडा कसा वाचायचा ते सांगते. १०००० एमएएच हा आतल्या सेलचा आकडा असतो, ३.७ व्होल्टवरचा. म्हणजे ३७ वॅट-अवर. फोनला ती ५ व्होल्ट करून देते, आणि त्यात थोडी वीज उष्णतेत जाते. हातात पडतात ६००० ते ६५०० एमएएच. खोक्यावर बारीक अक्षरात 'रेटेड कपॅसिटी' म्हणून हाच आकडा छापलेला असतो, तोच धरा. त्या हिशेबाने ५००० ची छोटी पॉवर बँक एका साध्या फोनला निम्म्याहून थोडं जास्त भरते. ऐरोलीला मेलेला फोन घरी पोचवायला आणि वर दोन फोन करायला तेवढं पुष्कळ. वजन सव्वाशे ग्रॅमच्या आत मिळेल.

मागच्या बाजूला बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का बघा. भारतात विकायला ते बंधनकारक आहे. प्लॅटफॉर्मबाहेर दीडशे रुपयांत मिळते त्यावर बहुतेक नसतं. केबल वीतभर लांबीचीच घ्या. आणि जुनी कुठे फुगलेली वाटली तर चार्जिंगला लावू नका, ओल्या कचऱ्यातही टाकू नका, ई-कचऱ्यात द्या.

चार्ज करायचं विसरता ना? रविवारी रात्री युनिफॉर्मला इस्त्री करते तेव्हाच मी ती बाजूच्या प्लगला लावते. वेगळी आठवण ठेवावी लागत नाही.

खोपट_निवृत्त

मुली, मी एसटीत वाहक होतो, एकतीस वर्षं. खांद्यावर चामड्याची पैशांची पिशवी आणि हातात तिकिटांची पेटी, पुढे ती जाऊन मशीन आलं. संध्याकाळी पिशवीत नुसती चिल्लरच दोन-अडीच किलो व्हायची. तरी माझा खांदा शाबूत आहे, ते पट्ट्यामुळे. आमच्या जुन्या वाहकांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं: पट्टा आखूड ठेवायचा, पिशवी बरगडीला टेकली पाहिजे. मांडीवर लोंबकळणारी पिशवी दर पावलाला खांद्याला हिसका देते. तुमची बॅग किती खाली येते ते आधी बघा. आणि पट्टा आडवा, डोक्यातून घाला, दर काही दिवसांनी खांदा बदला.

चिल्लर बॅगेत खोल ठेवू नका. दहा-वीसच्या चार-पाच नोटा आणि थोडी नाणी वरच्या कप्प्यात. रिक्षात उतरताना मागच्या माणसाला थांबवून बॅगेत हात घालून शोधण्यात खांदा वाकडा होतो, शिवाय खिसेकापूलाही कळतं पैसे कुठे आहेत. एक १०० ची नोट फोनच्या कव्हरमागे घडी करून. नेट बंद पडतं तेव्हा तीच घरी आणते.

जास्तीची ओढणी, टॉवेल, नॅपकिन यांऐवजी एक पंचा ठेवा. साधा सुती, हातमागाचा. डोकं पुसायला, ओल्या सीटवर टाकायला, उन्हात डोक्यावर घ्यायला, कुणाला लागलं तर बांधायला. पिळून झटकला की गाडी तुर्भ्याहून ठाण्याला येईपर्यंत अर्धा वाळतो. टर्किशचा टॉवेल दिवसभर ओला राहतो आणि बॅगेला वास लागतो.

शेवटचं, चार फोन नंबर कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. पेनाने नाही, पेन्सिलीने. पाण्यात शाई पसरते, पेन्सिल तशीच राहते. फोन मेल्यावर आपल्याला मुलाचा नंबरही पाठ नसतो.

नेरूळ_पाऊस

छत्रीबाबत एक वेगळं मत. तीन घडीची छोटी छत्री सगळे सुचवतील, पण तुर्भे-सानपाड्याकडे खाडीचा वारा असा येतो की त्या बारीक काड्या उलट्या होऊन एका पावसात संपतात. माझ्या दोन गेल्या. मी आता पातळ रेनकोटच वापरतो.

कोपरीवाली

रेनकोटचं खरं आहे, पण गच्च भरलेल्या डब्यात ओला रेनकोट घालून उभं राहिलं की शेजारची बाई भिजते. मला ते नको वाटतं.

घणसोली_लिफ्टवाला

छत्री तीन घडीचीच घ्या, फक्त काड्या फायबरच्या बघा. लोखंडी पातळ पत्र्याची काडी वाकली की वाकलीच, फायबरची लवते आणि परत सरळ होते. दुकानात उघडून एक काडी बोटाने वाकवून बघा. उलटी झालीच तर ओढू नका, बंद करायला घ्या म्हणजे आपोआप सुलटी होते.

आणि चाकूचं राहिलं. तुमचं काम सुतळीचं आहे तर कात्रीच हवी. व्हिक्टोरिनॉक्स कंपनीचं छोटं, ५८ मिलिमीटरचं 'क्लासिक' नावाचं घडीचं हत्यार येतं, वीस-बावीस ग्रॅमचं. बारीक पातं, कात्री, नखाची कानस, चिमटा, दातकोरणी. कात्री छोटी दिसते पण स्प्रिंगची आहे. विमानाने जाणार असाल तेव्हा ते केबिन बॅगेतून काढून ठेवा, नाहीतर सिक्युरिटीला टाकून द्यावं लागेल.

कोपरीवाली

तीन आठवड्यांनी लिहितेय. परत दोन्ही काट्यांवर तोललं.

एकूण २ किलो ६७० ग्रॅम. अडीच झालं नाही, पण निम्म्याहून कमी झालं. बाटली अर्ध्या लिटरची घेतली, एका पदराची स्टीलची. पेढीवर फिल्टर आहे, मी एक लिटर पाणी घरून कशाला वाहत होते कळत नाही. गोदामाच्या किल्ल्या ड्रॉवरमध्ये राहतात आता. रेक्झिनची बॅग काढली, कापडी आडव्या पट्ट्याची घेतली, ३८० ग्रॅम. काकांनी सांगितल्याप्रमाणे पट्टा आखूड केला. पहिले दोन दिवस बगलेत काहीतरी अडकल्यासारखं वाटलं, तिसऱ्या दिवसापासून बॅग आहे हेच जाणवलं नाही. पॉवर बँक ११५ ग्रॅम, छत्री २९०, फायबर काड्यांची. औषधांचा पाऊचच बदलला: क्रेप बँडेज, चार पट्ट्या, ओआरएसचं एक पाकीट, माझी रोजची गोळी. ४५ ग्रॅम.

सगळ्यात जास्त वापर कशाचा झाला ते मोजायला मी वहीत रेघा ओढल्या. कात्री ३१ वेळा. सुतळी दोन-तीन कापांत तुटते. चिमट्याने एकदा हमालभाऊंच्या तळहातातली फळीची कूस काढली. पंचा १९ वेळा. आमच्याकडे मिरचीची पोती हलली की सगळा गाळा शिंकतो, तेव्हा ओला करून नाकाला धरला. हे मी आधी ओढणीने करायचे आणि घरी जाईपर्यंत डोळे चुरचुरायचे. पॉवर बँक दोनदा. पातं एकदाही नाही.

टॉर्च एकदाच लागला. मंगळवारी रात्री परत लाइट गेली. खालच्या मजल्यावरच्या आजी जिन्यात मध्येच उभ्या होत्या, हातात दुधाची पिशवी, पुढे पाऊल टाकायला घाबरत. टॉर्च ओढणीला अडकवला, कमी उजेडावर. एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने आजींचा दंड. तिसऱ्या मजल्याची तुटकी पायरी लांबूनच दिसली.

सेक्टर ११ च्या ताई, माझ्याकडे इस्त्रीचा वार नाही, म्हणून पॉवर बँक शनिवारी रात्री साबुदाणा भिजवते तेव्हा लावते. टॉर्चच्या सेलवर मार्करने तारीख टाकलीय.

डबा अजून तोच तीन खणी आहे, त्याला हात लावलेला नाही. हलका प्लास्टिकचा सुचवू नका. आमच्या बाजारातून रोज हिंग-हळद नाकात भरून येते, आणि प्लास्टिकला तो वास धरतो तो धुतला तरी जात नाही. स्टीलचाच पातळ पत्र्याचा, आमटी न सांडणारा दोन खणी डबा कुणी रोज वापरत असेल तर सांगा. भरलेला तोलून सांगितलंत तर फार बरं.