मदत हवी आहे: ॲपलॉकर लावल्यावर स्टार्ट मेन्यूच उघडेना

पेठकर: सदाशिव पेठेत आमचं सीएचं छोटं ऑफिस आहे. ओळखीच्या एका ऑफिसात मेलमधलं बिल म्हणून कुणीतरी फाइल उघडली आणि सगळा डेटा लॉक झाला, म्हणून आम्ही ठरवू तीच सॉफ्टवेअर चालावीत यासाठी विंडोजमधलंच ॲपलॉकर लावलं, तर आता स्टार्ट मेन्यू नाही, कॅल्क्युलेटर नाही, डीएससीने (डिजिटल सर्टिफिकेटने) सही करायची युटिलिटी पण नाही. २० तारखेच्या आत सगळ्या क्लायंटचे थ्रीबी (जीएसटी रिटर्न) भरायचेत. लवकर सांगा प्लीज.

कोथरूडकर: विंडोज कुठलं? स्टाफ ॲडमिन लॉगिनने बसतो का? एक्सेल चालतंय का?

हडपसरवाला: एवढा खटाटोप कशाला, चांगला अँटिव्हायरस विकत घ्या, विषय संपला.

पेठकर: अँटिव्हायरस आहे हो, ते विचारलंच नाहीये. ११ प्रो, स्टाफला साधं लॉगिन. एक्सेल, टॅली चालतात.

कोथरूडकर: @हडपसरवाला अँटिव्हायरस वाईट ते अडवतो, कालच तयार झालेलं त्याला ओळखू येईलच असं नाही. ॲपलॉकरमध्ये यादीत नाव नसेल तर गेटवरूनच परत. दोन्ही हवं.
@पेठकर एक्सेल चालतंय म्हणजे डीफॉल्ट रूल्स (ॲपलॉकरचे तयार नियम) आहेत, पण ते फक्त ईएक्सईचे, म्हणजे नेहमीच्या प्रोग्रॅम फाइल्सचे. 'पॅकेज्ड ॲप रूल्स'मध्ये (स्टोअर पद्धतीच्या ॲप्सचे नियम) जाऊन तिथलेही डीफॉल्ट तयार करा, नाहीतर स्टार्ट मेन्यूसारखी ॲप्स सरसकट अडतात.

जुना_ॲडमिन: आम्ही एक्सपीपासून विंडोजमधलीच ॲपलॉकरच्या आधीची सॉफ्टवेअर रिस्ट्रिक्शन पॉलिसी लावतोय, कधी त्रास नाही. तीच लावा.

कोथरूडकर: काका, मायक्रोसॉफ्टने ती विंडोज १०च्या १८०३ व्हर्जनपासूनच मोडीत काढलीय. ११वर नको.

उबुंटूप्रेमी: लिनक्स टाका, व्हायरसची कटकटच नाही.

जुना_ॲडमिन: आणि टॅली? ते तिथे कसं चालवणार?

बाणेर_आई: मुलाच्या मोबाइलवर प्ले स्टोअरबाहेरची ॲप्स बंद करायची असतील तर सेटिंगमध्ये 'इन्स्टॉल अननोन ॲप्स' बघा, मी केलंय.

पेठकर: स्टार्ट मेन्यू आला!! सहीचं अजून अडकलंय, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदींमध्ये) ८००४ नंबर दिसतोय, पाथ युजरच्या ॲपडेटा फोल्डरमधला.

कोथरूडकर: ८००४ म्हणजे ॲपलॉकरनेच अडवलंय. पण ॲपडेटा फोल्डर मोकळा करू नका हां, मेलमधून आलेला कचरा तिथेच बसतो. हॅश रूल (फाइलच्या ठशावरून ओळखणारा) पण नको, अपडेट आलं की हॅश बदलतो. फाइलवर कंपनीची डिजिटल सही असेल तर पब्लिशर रूल (त्या सहीवरून ओळखणारा) करा. आणि थ्रीबी होईपर्यंत 'ऑडिट ओन्ली' ठेवा, त्यात काहीच अडत नाही, फक्त जे अडलं असतं त्याची ८००३ची नोंद होते. ती यादी बघून उरलेले रूल्स करा, मग 'एन्फोर्स', म्हणजे खरंच अडवणं सुरू.

पेठकर: ऑडिटवर टाकलं, सही होतेय. प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचरचा टॅब आहे, पब्लिशर रूल २१ला करतो.